पैलवानाच्या रक्ताची दुसरी बाटली

ताई,

भांडण अर्धवट टाकून जायची तुमची रीत नव्हती. ती माझी. मी ‘पेशंट आलाय’ म्हणायचो, ‘बरं, बघू’ म्हणायचो आणि सटकायचो. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर तिथूनच सुरू करायचात. मधे जेवण झालं, झोप झाली, याचा तुमच्या आवाजात पत्ताच नसायचा. ‘तर मी काय म्हणत होते,’ एवढं म्हटलं की गाडी पुढे. म्हणून त्या शनिवारी संध्याकाळी तुम्ही स्वतःहून ‘उद्या बोलू’ म्हणालात तेव्हा मला नवलच वाटलं. दमल्या असतील म्हटलं. रविवारी सकाळी तुमच्या मुलीचा फोन आला. सावेडीतल्या तुमच्या घरी पोचलो तर ओट्यावर चहाचं आधण आटून गेलेलं होतं आणि तुम्हाला दिवाणावर निजवलं होतं. मेंदूतली शीर फुटली होती.

जमलेल्यांत मीच डॉक्टर, म्हणून येणारा जाणारा मलाच विचारत होता, असं कसं झालं हो? उत्तर येत होतं तेवढं दिलं. पण खरं सांगतो, तिथे उभं राहून माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. तुमच्या लॅबच्या मशीनमध्ये माझ्या वॉर्डातल्या सोमनाथ पैलवानाच्या रक्ताची तिसरी बाटली जंतू वाढतो का ते बघायला ठेवलेली होती, आणि दुसऱ्या बाटलीवरचा आपला वाद मिटलेला नव्हता. माणूस गेलेलं असताना असलं काही सुचावं, याची लाज वाटली. मग वाटलं, तुम्हाला नसती वाटली.

शोकसभेत तुमची पदव्यांसकट ओळख करून देण्यात आली. ‘सूक्ष्मजीवशास्त्र’ हा शब्द एका वक्त्याच्या दातात पुन्हा पुन्हा अडकला. तुम्ही शेजारी असता तर कोपराने मला ढोसलं असतंत. शांत, मितभाषी, सोशिक, असं काहीबाही तुमच्याबद्दल बोललं गेलं. मी ऐकून घेतलं. शोकसभेत कोणाला खोटं पाडायचं नसतं.

आपली पहिली गाठ फोनवर पडली, आणि तुमचं पहिलं वाक्य शिवी नसलं तरी त्याच गल्लीतलं होतं. ‘डॉक्टर, चार दिवस पेशंटला अँटिबायोटिक दिलंत आणि आज त्याचं रक्त पाठवलंत. वरात गेली. आता हे घोडं मी कुठे नाचवू?’ मी नवा होतो, पुण्याहून शिकून आलेला आणि चांगलाच शिष्ट. म्हणालो, ‘मॅडम, माझ्यासमोर पेशंट आहे, तुमच्यासमोर नुसती बाटली. लॅबमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.’ तुम्ही फोन ठेवलात. जिरवली, म्हणून मी खूश. थोड्या वेळाने वॉर्डाच्या दारात तुम्ही उभ्या. पांढरा कोट, पायांत रबरी चपला, चष्मा कपाळावर. ‘कुठाय शेळी?’

तेव्हापासून तुम्ही वॉर्डात यायला लागलात ते शेवटपर्यंत. लॅबच्या डॉक्टरने जंतूचं नाव कळवावं, त्यावर कोणतं औषध चालेल ते लिहावं आणि गप्प बसावं, असा सगळीकडचा रिवाज. तुम्ही नाव कळवायचात, आणि मागोमाग स्वतः यायचात. पेशंटच्या खाटेवर बसायचात. खुर्ची दिली तरी खाटेवरच. आणि विचारायला सुरुवात.

रक्तात जंतू सापडला की आम्हा सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, औषध कोणतं द्यायचं? तुमचा प्रश्न दुसरा होता. हा जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलाय का? नुसता रक्तात असला तर दोन आठवड्यांच्या इंजेक्शनांनी काम भागतं. झडपेवर त्याने थर धरला असेल तर सहा आठवडे लागतात. तिथे दोनच आठवडे दिले तर तो मरत नाही, दबून बसतो. ताप उतरतो, माणूस हसत घरी जातो, आणि पुढे कधीतरी त्या थराचा तुकडा सुटून मेंदूत जातो किंवा झडपच फाटते. हे आम्हालाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि दर वेळी जाऊन खाटेवर बसणं वेगळं.

तुम्ही बोटांवर मोजायचात. ताप घरून घेऊन आला की दवाखान्यात लागला? जंतू रक्तात शिरला कुठून, ते सापडलं का? औषध सुरू झाल्यावरही रक्तात राहिला का? झडप आधीपासून अधू आहे का? अंगात पेसमेकरसारखं काही बसवलेलं आहे का? अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जायचात आणि जितकी बोटं मिटतील तितका तुमचा चेहरा गंभीर. मी म्हणायचो, ‘काय ताई, पत्रिका जुळवताय? किती गुण जमले?’ तुम्ही म्हणायचात, ‘जमले तर लग्न पुण्यात लावायचं.’ म्हणजे पेशंटला पुण्याला पाठवायचं, घशातून नळी घालून करतात ती इको करायला. छातीवरून केलेल्या इकोमध्ये झडप पुढून दिसते, तीही छातीच्या जाडीतून. घशातून गेलं की झडपेला पाठीमागून, अगदी जवळून गाठता येतं. ती सोय आपल्या हॉस्पिटलात नाही.

आपलं खरं भांडण हेच. मी म्हणायचो, बोटं मोजून पेशंट पाठवायला तुमचं काय जातं? गाडी त्याला करावी लागते, घर बंद करून बायको बरोबर जाते, नळी त्याच्या घशात जाते. मी त्याची छाती ऐकलीय, त्याचा चेहरा पाहिलाय, मला कळतं. तुम्ही म्हणायचात, ‘तुला कळतं, मान्य. पण तुझे कान तुझ्याबरोबर रिटायर होणार. सुप्याच्या दवाखान्यात आलेल्या नव्या डॉक्टरने काय करायचं? बोटं त्याला पण आहेत.’ मग मी विषय बदलायचो, आणि तुम्ही ‘डॉक्टर, तुम्ही पळताय’ म्हणायचात. एरवी मी विलास आणि तू. रागावलात की डॉक्टर आणि तुम्ही.

श्रीगोंद्याचे ते मास्तर आठवतात? महिनाभर टायफॉईड म्हणून गावात औषध घेत होते. वजन उतरलेलं, चिडचिड वाढलेली. त्यांच्या रक्तात तुम्हाला तोंडातला जंतू मिळाला आणि तुम्ही येऊन पहिल्यांदा दात बघितलेत. मास्तर भडकले. ‘मी ताप घेऊन आलोय, दात घेऊन नाही.’ झडपेवर चांगला वाटाण्याएवढा थर निघाला. वाचले. दर वर्षी लिंबांची पिशवी घेऊन येतात. माझ्याकडे येतात, मी डॉक्टर ना! मी पिशवी तुमच्याकडे पाठवायचो आणि तुम्ही त्यातली अर्धी लिंबं परत पाठवायचात. ‘कान तुझे, बोटं माझी, लिंबं निम्मी निम्मी.’ या वर्षी मास्तर येऊन गेले. त्यांना तुमचं सांगितलं. दात दाखवल्यासारखं तोंड उघडं ठेवून बसले बराच वेळ, आणि मग रडले.

पण सगळेच मास्तर नव्हते. पाथर्डीकडची ती बाई. साखर कारखान्यावरून तोडणी उरकून गावी परतलेली, पायाला कोयता लागून जखम चिघळलेली. तुमची दोन बोटं मिटली. मी नको नको म्हणत असताना तुम्ही तिला पुण्याला पाठवायला लावलंत. नळीने तिचा घसा सोलून निघाला, वाटभर उलट्या झाल्या, आणि झडप कोरी करकरीत. तिच्या नवऱ्याने माझ्या केबिनमध्ये येऊन नाही नाही ते ऐकवलं. मी तुमच्याकडे आलो आणि तेच सगळं व्याजासकट तुम्हाला ऐकवलं. दोन दिवस फोन नाही, फेरी नाही. तिसऱ्या दिवशी वॉर्डात आलात आणि म्हणालात, ‘तिच्या बाबतीत माझं चुकलं. तशीच बाई उद्या आली तर पुन्हा पाठवीन.’ मला वाटलं, काय हट्टी बाई आहे! आता वाटतं, इतकं सरळ वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून दुसरं ऐकलेलं नाही. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुमचं कौतुक केलं की तुम्ही संशयाने बघायचात, ‘काय काम आहे?’

आता सोमनाथ. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी परत सांगतो, कारण सांगता सांगताच मला ते नीट दिसतं.

सुप्याच्या अलीकडच्या गावातला पोरगा, बावीस वर्षांचा, मोडलेले कान आणि ओंडक्यासारख्या मांड्या. तालमीत मांडीवर करट उठलं, ते त्याने स्वतःच दाबून फोडलं. आठवड्याने थंडी वाजून ताप. बरोबर त्याचे वस्ताद, पांढरी टोपी, आवाज भोंग्यासारखा. गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा हगामा तीन आठवड्यांवर आला होता आणि यंदा शेवटची, मानाची कुस्ती पहिल्यांदाच सोमनाथला मिळाली होती. वस्तादांनी मला पहिला प्रश्न तापाचा विचारला नाही. ‘सायेब, जत्रंच्या आत उभा ऱ्हाईल ना पोरगा?’

पहिल्या बाटल्या औषधाच्या आधी गेल्या. तेवढं तुम्ही मला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन, स्टॅफ जंतू आहे, सोनेरी जातीचा. करट फोडलं तिथून शिरला, हे उघड होतं. औषध सुरू केलं. त्याच्या छातीत मला बारीक आवाज ऐकू आला, पण पैलवानांच्या छातीत तसा येतो, तो त्यांच्या दांडग्या हृदयाचा असतो. वरून केलेली इको ठीक आली. म्हणजे जेवढी दिसली तेवढी. एवढी रुंद छाती, त्यातून चित्र धुक्यातल्यासारखं. औषधाच्या तिसऱ्या दिवशी ताप गेला, त्याने सहा अंडी मागवली, आणि मी मनातल्या मनात त्याला दोन आठवड्यांचा करून टाकला.

त्याच दिवशी, जंतू गेलाय का ते बघायला, रक्ताची दुसरी बाटली घ्यायची होती. सिस्टर नवी सुई टोचायला गेली आणि वस्ताद आडवे आले. ‘रोज उठून रगत काडता. बदाम खाऊन, दूध पिऊन बनवलंय त्ये पोरानं. टोचायचं न्हाई.’ सिस्टर घाबरली. सोमनाथच्या हातात सलाईनची सुई तीन दिवसांपासून होतीच. तिने त्यातूनच रक्त ओढलं आणि बाटली भरली. वस्तादांना कळलंही नाही. आपल्याकडे हे असंच होतं. रक्त काढलं की माणूस खंगतो, ही समजूत शिकलेल्या घरांतही आहे. तालमीत तर काही विचारूच नका.

आणि त्या बाटलीत पुन्हा तोच स्टॅफ वाढला.

तुम्ही सिस्टरला विचारलंत आणि तिने सांगून टाकलं. मी लगेच तुमच्याकडे धावलो. म्हणालो, ‘बघा, मिटला प्रश्न. जंतू सुईत बसला होता, रक्तात नव्हता.’ तुम्ही म्हणालात, ‘असेल. किंवा रक्तात होता आणि सुईतून आला. तू मला सांग, कशावरून?’ सुईतला असेल तर औषध लागू पडलंय आणि दोन आठवडे पुरेत. रक्तातला असेल तर तीन दिवस औषध घेऊनही तो जिवंत आहे. म्हणजे कुठेतरी ठाण मांडून बसलाय, आणि अशा वेळी संशय पहिल्यांदा झडपेवरच. एक बाटली, अर्थ दोन.

मग तुम्ही वर आलात आणि सोमनाथच्या खाटेवर बसलात. त्याच्या डोळ्यांच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या, नखं पाहिली, तळपाय पाहिले; झडपेवरच्या थराचे कण सुटले असतील तर तिथे ठिपके उठतात म्हणून. वस्ताद म्हणाले, ‘पायाचं काय बघता बाई? त्या पायानं लई जनांना आस्मान दावलंय.’ तुम्ही हसलात. मग त्यांना विचारलंत, ‘वस्ताद, नवा पोरगा तालमीत आला की नुसते दंड बघून घेता?’

‘न्हाई बा. लढवून बघतो. दम कळाय पायजे.’

‘एकदाच?’

‘यकदा कसं? धा येळा लढवतो.’

‘मग मला पण दुसऱ्यांदा बघू द्या की. नव्या जागी टोचून.’

वस्तादांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. सोमनाथने हात पुढे केला. ‘घ्या मॅडम. वस्तादांचं मनावर घिऊ नका.’ ती तिसरी बाटली. तुम्ही स्वतः घेतलीत.

शनिवारच्या फोनवर मी म्हणालो, ‘तिसरी स्वच्छ आली की पुण्याचं नाव काढायचं नाही.’ तुम्ही म्हणालात, ‘तिसरी स्वच्छ येणारच. तोवर औषधाचे आणखी दोन दिवस झाले. प्रश्न दुसरीचा आहे.’ मी म्हणालो, ‘ताई, पोराचा हगामा आहे.’ तुमचा आवाज मऊ झाला. ‘मला माहितेय रे. म्हणून तर म्हणते, डोळ्यांनी बघू या.’ मी वैतागलो. म्हणालो, तुम्हाला पेशंट दिसत नाही, बोटं दिसतात. आणि मग ते ‘उद्या बोलू’.

बोटांचं ते बोलणं फार लागलं नसावं, कारण त्याहून वाईट मी तुम्हाला पुष्कळदा बोललोय आणि तुम्ही मला. तरी ते शेवटचं ठरलं, म्हणून टोचत राहतं. दुसरं एखादं असतं तर बरं झालं असतं.

तिसरी बाटली स्वच्छ आली. मी ठरवल्याप्रमाणे गप्प बसायला मोकळा होतो. बसलो नाही. बुधवारी सोमनाथला वस्तादांबरोबर पुण्याला पाठवलं. का, ते तुम्हाला सांगायलाच हवं. वॉर्डात मी सगळ्यांना म्हणालो, शंका राहायला नको. ते खरं नव्हतं. माझं मत तसूभरही बदललं नव्हतं. मी त्याला तुमच्यासाठी पाठवलं. तुमचं शेवटचं म्हणणं होतं, ते मोडवेना. डॉक्टरने असं करू नये, हे मला तुम्ही समोर बसून ऐकवलं असतंत. ‘माझं श्राद्ध पेशंटच्या घशात नळी घालून करतोस?’ अशा चालीवर काहीतरी.

आणि यापेक्षा वाईट गोष्ट आहे. ती मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही.

दुपारी ओपीडीत बसलो होतो, पुण्याच्या फोनची वाट बघत. समोर एक आजोबा गुडघ्याचं दुखणं सांगत होते. माझं लक्ष नव्हतं. आणि माझ्या मनात आलं, सापडू दे. बारीकसं काहीतरी, पण सापडू दे. म्हणजे ताई बरोबर ठरतील. मी तुमच्यापुढे हरेन, आणि हॉस्पिटलभर सांगत फिरेन की बघा, बाई गेल्या पण जाताना पोराला वाचवून गेल्या. केवढी छान गोष्ट झाली असती ती! मग माझं मलाच दिसलं, मी काय मागतोय. बावीस वर्षांच्या पोराच्या हृदयात जंतूंचा थर मागतोय, मला माझ्या मैत्रिणीचं नीट दुःख करता यावं म्हणून. अंगावर काटा आला, ताई. आजोबा म्हणाले, ‘डॉक्टर, तुमालाच बरं न्हाई का?’ मी पाणी प्यायलो.

दुःख माणसाला चांगलं करतं, असं म्हणतात. माझा अनुभव असा आहे की ते आधी आंधळं करतं. तुम्ही हयात असताना मला कधी असं वाटलं नाही, कारण तुम्हाला स्वतःला बरोबर ठरायची हौसच नव्हती. त्या पाथर्डीच्या बाईची झडप कोरी निघाली तेव्हा, शिव्या खाऊनही, तुमच्या चेहऱ्यावर सुटकाच होती. ते मी तेव्हा पाहिलं होतं आणि मला त्याचा रागच आला होता. तुम्ही मोजायचात ते काही निघू नये म्हणून. हे कळायला मला इतकी वर्षं आणि तुमचं मरण लागावं, हे काही मला शोभत नाही.

फोन आला. झडपा चारही स्वच्छ. थर नाही, छिद्र नाही, गळती नाही. तो बारीक आवाज त्याच्या दांडग्या हृदयाचाच. ताई, तुम्ही चुकलात. मी बरोबर होतो. इतकी वर्षं भांडून एकदा इतका स्वच्छ जिंकलो आणि हाताला काहीच लागलं नाही. पण सोमनाथसाठी इतका आनंद झाला की डोळे पुसायला बाथरूममध्ये जावं लागलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

काल इंजेक्शनांचे दोन आठवडे पूर्ण झाले. सकाळी वॉर्डात गेलो तर वस्ताद पिशवी भरून तयार. सोमनाथ खाटेवर पाय सोडून बसलेला, घरचे कपडे घालून. मी फाईल उघडली. मनात ठरलेलंच होतं, आज सोडायचं. जत्रेला अजून पाच-सहा दिवस होते.

तेवढ्यात सिस्टरने सहज विचारलं, ‘सर, ते सुईतून घेतलेलं कल्चर? त्याचं काय धरायचं?’

मी उत्तर द्यायच्या आत वस्तादच बोलले. ‘त्यात काय धरायचंय? त्ये सुईतलं हुतं. सायेबच म्हनले हुते. झडप साफ हाय. ताप न्हाई. पोराचा चेहरा बघा की, आजारी दिसतोय व्हय? ह्ये सायेब माणूस बघून सांगत्यात, बोटं मोजून न्हाई.’

माझीच वाक्यं, ताई. शब्दन्‌शब्द माझा. इतकी वर्षं मी तुम्हाला हेच ऐकवत आलो, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदा त्यातली फट दिसली. मी म्हणालो, ‘वस्ताद, ते सुईतलं होतं असं मला वाटतं. तसं सिद्ध झालेलं नाही.’

‘आँ? आन् ही पुन्याची नळी?’

‘नळीने झडप बघितली. झडपेवर जंतू नाही, हे नक्की. पण तो त्या दिवशी रक्तात असेलच तर मणक्यात जाऊन बसला असेल, आणखी कुठे असेल. सगळीकडे नळी जात नाही.’

‘मंग?’

‘मग अजून दोन आठवडे इंजेक्शनं. आणि कुस्ती नाही.’

‘सायेब, तुमी तर बाईंच्या इरुद हुता.’

‘होतो.’

‘मंग आज त्यांच्या बाजूनं का बोलता?’

मी म्हणालो, ‘त्यांच्या बाजूने बोलायला आता दुसरं कोणी नाही.’ आणि लगेच वाटलं, हे बरोबर उत्तर नव्हे, हे पुन्हा तुमच्यासाठीच झालं. म्हणून खाटेवर बसलो, सोमनाथच्या शेजारी. खुर्ची होती तरी. त्याला नीट सगळं सांगितलं, बाटलीचे दोन अर्थ, कोणता खरा ते मला ठाऊक नाही हे, आणि मी चुकलो तर किंमत त्याला मोजावी लागेल हे. जत्रा दर वर्षी येते, असलं काही बोललो नाही. मानाची कुस्ती दर वर्षी येत नाही.

त्याने वस्तादांकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘वस्ताद, शेवटची कुस्ती दुसऱ्या कुनाला द्या.’ आणि शर्टाची बाही वर करून हात सिस्टरपुढे धरला. वस्ताद पिशवी तशीच टाकून बाहेर गेले आणि व्हरांड्यात पाठ करून उभे राहिले. त्यांना काय वाटलं असेल, ते मला कळतं. मी त्यांच्याच बाजूचा.

तेव्हा असं आहे, ताई. तुम्ही झडपेबद्दल चुकलात आणि बाटलीबद्दल बरोबर राहिलात. माझे दोन आठवडे, तुमचे सहा. मी चार देतोय. सहा देणार नाही, काय वाटेल ते झालं तरी देणार नाही. झडप स्वच्छ असताना त्या पोराला आणखी अडकवून ठेवणं मला पटत नाही. तुम्हाला हे मान्य नसणार. सकाळी फोनपाशी बसलो होतो, काय काय म्हणाल त्याची उत्तरं तयार ठेवून. सगळी चांगली उत्तरं आहेत. एकही द्यावं लागलं नाही.